संसदेचा पहारा

नव्या दिल्लीत, विजय चौकापासून हाकेच्या अंतरावर उभी असलेली, हर्बर्ट बेकर व एडविन लट्येन्स यांच्या कल्पनेतून साकारलेली जी वर्तुळाकार वास्तू 1927 साली लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुली झाली आणि आज जी ‘संविधान सदन’ म्हणून ओळखली जाते, तिच्याभोवती 144 स्तंभांची ओवरी सर्व बाजूंनी वाऱ्याला आणि प्रकाशाला मोकळी आहे. अशा मोकळ्या वास्तूचा बंदोबस्त करणे हे मुळातच अवघड काम; त्यातून ती लोकप्रतिनिधींची, म्हणजे लोकांना जिथे येण्याचा हक्क आहे अशी.

8 एप्रिल 1929 रोजी याच वास्तूत, केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर आपला निर्णय देण्याच्या बेतात असताना भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षकसज्जातून बाँब टाकले, पत्रके उधळली आणि पळून जाण्याची संधी न शोधता ते स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यानंतर सरकारने आपले पोलीस सभागृहात घुसवावेत, हे विठ्ठलभाईंना मुळीच मान्य नव्हते. आपल्या संमतीवाचून सज्जात पोलीस बसवले गेले, तेव्हा त्यांनी 1930 च्या आरंभी प्रेक्षकसज्जेच बंद करविले. आवारातील पहारा अध्यक्षाच्या हुकमतीखाली असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ‘वॉच अँड वॉर्ड’ या नावाने 1929 सालीच उभे राहिलेले संसदेचे स्वतंत्र पहारापथक याच विचाराचे फळ होय, आणि परक्या राज्यकर्त्यांच्या अमलात एका हिंदी अध्यक्षाने हा अखत्यार मिळविला, याचे मोल मला फार वाटते.

या पथकाच्या माणसांचे खरे काम शस्त्र चालविण्याचे नसून ओळखण्याचे असते: शेकडो सभासदांचे चेहरे, त्यांच्या गाड्या, प्रवेशाचे परवाने. 13 डिसेंबर 2001 रोजी गृहमंत्रालयाचे बनावट चिन्ह लावलेली पांढरी अँबॅसडर पाच अतिरेक्यांना घेऊन आवारात शिरली, तेव्हा तिची चाल संशयास्पद वाटून निःशस्त्र जगदीशप्रसाद यादव तिच्यामागे धावले. मातबरसिंग नेगी हेही याच पथकाचे, तेही त्या दिवशी कामी आले. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेशकुमारी यांच्याजवळही शस्त्र नव्हते. त्यांनी आरडाओरडा करून सहकाऱ्यांना सावध केले. दिल्ली पोलिसांचे शिपाईही धारातीर्थी पडले, आणि आवारातील एक माळीही. पाचही हल्लेखोर बाहेरच मारले गेले, एकही आत पोहोचू शकला नाही. यादव, नेगी व कमलेशकुमारी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

शेजारी नवे त्रिकोणाकृती संसद भवन 2023 मध्ये उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या 13 डिसेंबरला दोघा तरुणांनी लोकसभेच्या सज्जातून उडी घेऊन पिवळा धूर सोडला. पुढच्या वर्षी, मे महिन्यात, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे 3,300 हून अधिक जवान तेथे दाखल झाले. धोक्याचे स्वरूप पाहता हा निर्णय समजण्यासारखा आहे. तरीही एवढे मोठे दल गृहखात्याच्या आधीन असताना आवारातील त्याच्या प्रत्येक हालचालीस लोकसभेच्या अध्यक्षांची व राज्यसभेच्या सभापतींची अनुज्ञा लागावी, आणि सभासदांचे चेहरे वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांचा शब्द फाटकावर मानला जावा, याची तजवीज लेखी नियमांत केलेली असणे मला अत्यंत अगत्याचे वाटते.