बॅकअप म्हणजे दुसरी वही

'बॅकअप आहे ना?' नारायणगावातल्या आमच्या टोमॅटोच्या आडतीसाठी संगणक घेताना मी विचारले होते. 'आहे,' असे उत्तर मिळाले. पुढे हार्ड डिस्क बिघडली. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उधारी, सारे गेले. बॅकअप त्याच डिस्कवर होता! वडील रोजमेळाची नक्कल घरच्या कपाटात ठेवीत. बॅकअप म्हणजे तेवढेच. नक्कल दुसऱ्या जागी हवी आणि अधूनमधून उघडून पाहायला हवी. क्लाउड म्हणजे दूरच्या संगणकात भाड्याने घेतलेली जागा. ओटीपी ही एकदाच चालणारी किल्ली. ती कुणाला सांगू नये. २०१६ साली आलेल्या यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. जुन्नर-मंचरच्या व्यापारीबंधूंनो, शब्दाला भुलू नका. 'यंत्र जळाले तर माझी वही कुठे सापडेल?' एवढे जरूर विचारा.