बॅस्टिल उशिरा येते तेव्हा

2013च्या सप्टेंबरात माइक डंकन या अमेरिकन निवेदकाने ‘रेव्होल्यूशन्स’ हा पॉडकास्ट सुरू केला, तेव्हा त्याचा बेत आटोपशीर होता. एकेका राज्यक्रांतीला बारा-पंधरा भाग द्यायचे आणि पुढच्या क्रांतीकडे वळायचे. इंग्लंडमधले यादवी युद्ध आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध ही पहिली दोन पर्वे साधारण या हिशेबात बसली. तिसरे पर्व फ्रान्सचे. ते पन्नास भागांच्याही पुढे गेले. दहावे पर्व रशियाचे. ते 103 भागांनंतर संपले, तेव्हा 2022चा जुलै उजाडला होता. बेत कोलमडला आणि त्यातच श्रोत्यांचे भले झाले.

डंकन विद्यापीठातला इतिहासकार नव्हे. राज्यशास्त्राची पदवी घेतलेला हा माणूस मासळीच्या दुकानात काम करत असताना 2007 साली ‘द हिस्टरी ऑफ रोम’ सांगू लागला आणि 2012पर्यंत सांगत राहिला. ‘रेव्होल्यूशन्स’चा ढंगही तोच. साधारण अर्ध्या तासाचा भाग, एकट्याचा आवाज, तोफांचे आवाज नाहीत की नाट्यप्रवेश नाहीत. मधूनच एखादा कोरडा टोमणा, की पुन्हा तारखा, माणसे, बैठका. एवढ्या भांडवलावर त्याने नऊ वर्षे लोकांना धरून ठेवले.

ही पकड कुठून आली, याचे उत्तर फ्रान्सच्या पर्वात मिळते. शाळेत आपण फ्रेंच राज्यक्रांती शिकतो ती बॅस्टिलच्या तुरुंगापासून. इथे बॅस्टिल लवकर येतच नाही. आधी येते तिजोरी. अमेरिकेच्या युद्धात फ्रान्सने उधळलेला पैसा, कर्जावर चढत गेलेले व्याज, सरदार-धर्मगुरूंना असलेली करमाफी, 1787 साली बोलावलेली आणि नवा कर मंजूर न करताच पांगलेली प्रतिष्ठितांची सभा. मग 1788च्या जुलैतली गारपीट, बुडालेले पीक आणि पुढच्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये कडाडलेला पावाचा भाव. 14 जुलै 1789 रोजी जमाव किल्ल्यावर चालून जातो तो मुख्यतः तिथली बंदुकीची दारू मिळवायला. आत कैदी सातच असतात. इतके सगळे ऐकून तिथे पोचल्यावर तो दिवस चमत्कार वाटत नाही. पण तो टाळता आला असता असे मात्र वारंवार वाटते, आणि खरी गंमत तिथेच आहे. शेवट आपल्याला ठाऊक असतो, त्या माणसांना नसतो. संथ सांगण्यामुळे त्यांची अनिश्चितता आपल्याही वाट्याला येते.

या संथपणाने दुसरीही एक गोष्ट साधली. पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत कोंडलेल्या क्रांत्या एकमेकींत मिसळू लागल्या. एकोणिसाव्या वर्षी, 1777 साली अमेरिकेत उतरलेला लाफायेत 1789 साली पॅरिसच्या नॅशनल गार्डचा सेनापती होतो; 1830च्या जुलैत बहात्तर वर्षांचा हाच गृहस्थ पॅरिसच्या नगरभवनाच्या सज्जात लुई फिलिपला मिठी मारतो आणि त्याच्या राजेपणावर जणू शिक्कामोर्तब करतो. एका माणसाने तीन पर्वे शिवून टाकली.

हैतीचे पर्व तर अनेकांसाठी कोऱ्या पाटीवर लिहिलेले. 1791च्या ऑगस्टमध्ये तिथल्या उसाच्या मळ्यांवर गुलामांनी उठाव केला. त्यांचा सेनानी तुसाँ लुव्हर्त्यूर 1803 साली फ्रान्समधल्या फोर्ट द जू किल्ल्यात कैदेत मेला, पण 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाली. मळेवाल्यांचे नुकसान भरून द्या, म्हणून फ्रान्सने 1825 साली 15 कोटी फ्रँकांची मागणी केली. ती पुढे कमी झाली, तरी त्यापायी काढलेल्या कर्जाचे ओझे विसाव्या शतकात शिरले. आणि या मागणीच्या आधीची हीच हैती पाचव्या, दक्षिण अमेरिकेच्या पर्वात पुन्हा भेटते. हरून आलेल्या सिमोन बोलिव्हारला तिथला अध्यक्ष पेत्यों माणसे, बंदुका आणि जहाजे देतो. बदल्यात एकच अट: मुक्त केलेल्या मुलखातले गुलाम सोडायचे.

सर्वांत छोट्या पर्वांपैकी एक पॅरिस कम्यूनचे. त्यातली 18 मार्च 1871ची पहाट विसरता येत नाही. मोंमार्त्रच्या टेकडीवर नॅशनल गार्डच्या तोफा होत्या. त्या ताब्यात घ्यायला सरकारने अंधारात फौज पाठवली. तोफा काही मिनिटांत हाती आल्या; पण त्या ओढून न्यायला घोडे हवेत, आणि घोडे वेळेवर आलेच नाहीत. सैनिक ताटकळले. उजाडले. दूध-पाव आणायला बाहेर पडलेल्या बायका तोफांभोवती जमल्या, सैनिकांशी बोलू लागल्या. जनरल लकोंतने गोळीबाराचा हुकूम सोडला. सैनिकांनी बंदुका खाली केल्या. संध्याकाळपर्यंत लकोंत मारला गेला होता आणि सरकार व्हर्सायला पळाले होते. कम्यूनच्या राजवटीचे 72 दिवस आणि मेअखेरचा रक्तपात या सकाळीतून निघाला. विचारसरणी, वर्गसंघर्ष, अर्थकारण हे सगळे खरेच. पण त्या दिवशी घोडे वेळेवर आले असते तर, हा प्रश्नही तितकाच खरा.

मराठी श्रोत्याला यात ओळखीचे चेहरे दिसतात. महात्मा फुल्यांनी 1847 साली ज्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, तो टॉमस पेन अमेरिकेच्या क्रांतीतून फ्रान्सच्या क्रांतीत गेला, राजाला देहदंड देऊ नका म्हणाला आणि पुढे त्याच क्रांतीच्या तुरुंगात पडला. 1848च्या पर्वात मॅझिनी येतो. सावरकरांनी 1907 साली मराठीत आणलेला आणि इंग्रज सरकारने बंदी घातलेला तो हाच. टिळकांना 1908 साली शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या संपाची दखल रशियाच्या पर्वातल्या लेनिनने त्याच वर्षीच्या लेखात घेतली होती. ही नावे आपल्याकडे विभूती म्हणून किंवा तळटीप म्हणून येतात. इथे ती बैठकीत उशिरा पोचणारी, हेव्यादाव्यात अडकलेली, अंदाज चुकणारी माणसे म्हणून भेटतात आणि त्याने त्यांची उंची कमी होत नाही.

उणिवाही आहेत. दहा पर्वांचा नकाशा युरोप आणि अमेरिका खंडांपुरता. चीन नाही, क्यूबा नाही, 1979चा इराण नाही. आशियातल्या श्रोत्याला ही पोकळी जाणवतेच. शिवाय गटबाजीच्या तपशिलात काही भाग इतके रुततात, विशेषतः रशियाच्या पर्वात, की नावांची यादी समोर घेऊन बसावे लागते. 2024 साली डंकनने मंगळावरच्या एका काल्पनिक क्रांतीची मालिका सुरू केली. ती ऐकायला मजा येते, पण 1871च्या त्या न आलेल्या घोड्यांची सर कल्पनेला येत नाही.

2022च्या उत्तरार्धात त्याने सगळ्या पर्वांचा आढावा घेणारे काही भाग केले. त्यांतली दोन निरीक्षणे माझ्या मनात पक्की बसली. एक, राजवट पडते ती खालून आलेल्या धक्क्याइतकीच वरच्या फुटीमुळे. थोडे दिले असते तर भागले असते अशा वेळी राजे काहीच देत नाहीत आणि त्यांचीच माणसे त्यांना सोडून जातात. दोन, विजयाच्या दुसऱ्याच दिवशी जिंकणाऱ्यांत फूट पडते, कारण त्यांना एकत्र ठेवणारा शत्रू उरलेला नसतो.

रशियाचे पर्व संपले त्याच महिन्यात, 9 जुलै 2022 रोजी, कोलंबोत जमाव श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. टीव्हीवर दिवसभर तिथला पोहण्याचा तलाव दिसत होता. डंकन ऐकलेला माणूस तलावाआधी 2019ची करकपात, 2021ची रासायनिक खतबंदी आणि आटलेले परकीय चलन शोधतो. आणि लगेच विचारतो, आता खुर्चीत बसवणार कोण? 1830 साली पॅरिसमध्ये तीन दिवस रस्त्यावर लढले कारागीर आणि विद्यार्थी; राजा ठरवला प्रतिनिधींनी. कोलंबोतही 20 जुलैला संसदेने निवड केली ती रनिल विक्रमसिंघे यांची, म्हणजे जुन्याच व्यवस्थेतल्या मुरब्बी नेत्याची. रस्त्यावरच्या रागाचा हिशेब मतपेटीतून लागायला 2024चा सप्टेंबर यावा लागला.