लहान यंत्रांचीं जोडऔजारें कां मोडतात?

लावणीच्या ऐन दिवसांत यंत्र बंद पडलें म्हणजे काय अवस्था होते, हें कुळगांव-बदलापूरच्या भातशेतकऱ्यांस निराळें सांगावयास नको. राबांतील रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचें झालेलें असतें, मजूर ठरविलेले असतात, खाचरांत पाणी उभें असतें, आणि चिखलणी मात्र अर्धी राहिलेली असते. मोडलेला भाग मिळण्यास आठ-दहा दिवस लागले कीं रोप जून होतें व लावल्यावर त्यास फुटवे कमी येतात. दुरुस्तीचें बिल डोळ्यांस दिसतें. हें दुसरें नुकसान कोणत्याच वहींत लिहिलें जात नाहीं.

असें झालें कीं आपण प्रथम औजारास नांवें ठेवतों. ‘हल्लींचें लोखंड कच्चें’, ‘बनविणारानें फसविलें’, हीं वाक्यें प्रत्येक गॅरेजांत ऐकूं येतात. त्यांत कधीं कधीं तथ्य असतेंहि. परंतु रोटाव्हेटर, चिखलणीचीं पिंजऱ्याचीं चाकें, पुढें बसविलेलें सपाटीचें पातें वगैरे जोडऔजारें ज्या जागीं मोडतात त्या जागा नीट पाहिल्या, तर बहुतेक वेळां दोष लोखंडाचा नसून जोडणीचा व आपल्या समजुतीचा असतो, असें आमचें मत झालें आहे. हलक्या यंत्रास जड काम जोडलें कीं धक्का कोठें तरी जाणारच. तो कोठें जावा हें आधीं ठरविलेलें नसेल, तर तो सर्वांत महाग भागाकडे जातो.

आमचाच अनुभव सांगतों. आमच्या लहान ट्रॅक्टरास जोडलेल्या रोटाव्हेटरचा एक बोल्ट वारंवार तुटत असे. इंजिनाची फिरकी औजाराकडे नेणारा जो दांडा असतो, त्यावरचा हा बोल्ट. एका आषाढांत तो एकाच दिवसांत तीनदां तुटला. चालक कंटाळला, आम्हीहि कंटाळलों, आणि त्याच जाडीचा पण अधिक कठीण पोलादाचा बोल्ट बाजारांतून आणून आम्हीं बसविला. दोन दिवस काम सुरळीत चाललें, व आम्ही आपल्या शहाणपणावर खूष होतों. तिसऱ्या दिवशीं बांधालगत पुरलेल्या एका दगडास पातें अडकलें. बोल्ट तुटला नाहीं. तुटले ते पेटींतील दंतचक्राचे दांत. थोड्या रुपयांचा बोल्ट वांचला आणि हजारों रुपयांची पेटी उघडावी लागली. राहिलेल्या तीन खाचरांची चिखलणी शेजाऱ्याच्या बैलांनीं केली. तोंवर रोप इतकें वाढलें होतें कीं शेंडे खुडून लावावें लागलें.

बैलांचें काम पाहतां पाहतांच मूळ गोष्ट आमच्या ध्यानांत आली. लांकडी नांगर मुळांत अडकला तर बैल थांबतो. त्यास मान आहे, मानेस वेदना आहे. त्यानें जोर केलाच, तर जूं व इसाड यांना बांधणारा दोर प्रथम तुटतो, आणि शेतकरी त्यास तेथेंच गांठ मारतो. बैल हा स्वतःच एक समजूतदार बोल्ट होता असें म्हणावयास हरकत नाहीं. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी लोकांची समजूत होती, व पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. ती समजूत खोटी ठरली. पण नांगर लोखंडाचा झाला तरी पुढें बैलच होता. इंजिन आलें तेव्हां मान गेली. ती उणीव यंत्र बनविणाऱ्यांनीं मुद्दाम ठेवलेल्या एका कमजोर बोल्टानें भरून काढली, आणि नेमका तोच आपण बळकट करीत बसलों.

बोल्टाच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९, १२.९ असे आंकडे असतात. त्यांचा अर्थ प्रत्येक शेतकऱ्यानें जाणून घ्यावा. पहिल्या आंकड्यास शंभरानें गुणलें म्हणजे तो बोल्ट तुटेपर्यंत दर चौरस मिलिमीटरास किती न्यूटन ओढ सोसतो तें निघतें; दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार समजावा. ८.८ चा बोल्ट ८०० न्यूटन सोसतो, १२.९ चा १,२००. म्हणजे ४.६ च्या जागीं १२.९ बसविला तर तो तिप्पट बळाचा झाला, आणि दंतचक्रावर येणाऱ्या धक्क्याची मर्यादाहि तिप्पट झाली. यास्तव औजाराच्या पुस्तिकेंत जो आंकडा व जी जाडी दिली असेल तीच घ्यावी. बोल्टाऐवजीं खिळा किंवा सळईचा तुकडा तर कधींच ठोकूं नये.

बोल्ट वरचेवर तुटूं लागला तर तो कांहीं सांगत आहे असें समजावें. पातीं बोथट झालीं असतील, खोली अधिक धरली असेल, बोल्टाचें भोंक झिजून लंबगोल झालें असेल, किंवा औजारच ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीस जड असेल. शेवटचा प्रकार आमच्या भागांत फार दिसतो. शेजाऱ्याच्या पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर अर्ध्या किंमतींत मिळाला म्हणून आपल्या पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास लावावयाचा! अशा स्वस्ताईचा हिशेब आषाढांत चुकता होतो.

कांहीं औजारांत बोल्टाऐवजीं स्प्रिंगांनीं दाबलेल्या, प्रसंगीं घसरणाऱ्या चकत्या असतात. ही रचना चांगली; मात्र आठ-नऊ महिने औजार पडून राहिलें कीं गंजानें त्या चकत्या एकमेकींस चिकटतात, आणि घसरावयाच्या वेळीं घसरत नाहींत. ज्येष्ठांत स्प्रिंगा सैल करून चकत्या एकदां मोकळ्या फिरवाव्या, व मग पुस्तिकेंतील मापाप्रमाणें पुन्हां आवळाव्या. पॉवर टिलरांत हेंच काम इंजिनावरचा पट्टा करतो. तो घसरतो म्हणून वाजवीपेक्षां ताणला तर बेअरिंगें खराब होतात. घसरणें हा येथें कांहीं अंशीं गुण आहे.

आतां पुढें बसविलेल्या पात्याविषयीं. खाचर सपाट करावयास, शेणखत लोटावयास व बांधाची माती सारावयास लहान ट्रॅक्टरच्या तोंडाशीं लोखंडी पातें जोडून घेण्याची चाल वाढत आहे. गांवचा वेल्डिंगवाला तें एका दिवसांत करून देतो. या पात्याची गोष्ट समजावयास आपणांस बर्फाच्या देशांत जावें लागेल. अमेरिका व कॅनडा येथें चार चाकांच्या लहान वाहनांस असेंच पातें लावून घरापुढील बर्फ लोटतात. वाहन हलकें, मूळचें माणसें व ओझें वाहावयास केलेलें. बर्फाखालीं दडलेला दगड किंवा फरसबंदीची कड पात्यास अडकते, आणि पातें धरणारी चौकट वांकते, सांध्यांचीं भोंकें मोठीं होतात. पातें उचलणारा दोर तर थोडथोड्या अंतरांत शेंकडों वेळां वरखालीं होऊन एकाच जागीं झिजतो. बर्फ व चिखल यांचा रंग तेवढा निराळा, दुखणें एकच.

तेथील उपाय घेण्यासारखा आहे. पात्यामागें जाड स्प्रिंगा असतात. पातें अडलें म्हणजे त्याची खालची कड मागें वळते, वरची पुढें झुकते, पातें अडथळ्यावरून सरकतें, आणि स्प्रिंगा त्यास पुन्हां उभें करतात. याचा उपयोग किती, तें हिशेबानें पाहावें. हजार किलो वजनाचा ट्रॅक्टर ताशीं ५ किलोमीटर वेगानें चालला असून पक्क्या जोडलेल्या पात्यामुळें एका सेंटीमीटरांत थांबला, तर सुमारें १० टनांचा धक्का बसतो. स्प्रिंगेमुळें तोच पांच सेंटीमीटरांत थांबला तर धक्का २ टनांवर येतो. वेग दुप्पट केला तर धक्का चौपट होतो, हेंहि लक्षांत ठेवावें. आमच्याकडील पातीं बहुतेक पक्कीं जोडलेलीं असतात. शिवाय धक्का पात्याच्या टोंकास बसला तर सारी चौकट पिळली जाते. ज्यांस असें पातें करून घ्यावयाचें असेल त्यांनीं स्प्रिंगेचा सांधा मागून घ्यावा. चौकट पुढच्या आंसास न जोडतां ट्रॅक्टरच्या मधल्या बळकट भागापर्यंत मागें न्यावी. मोडलेल्या जागीं नुसती जाड पट्टी वेल्ड करणें हा उपाय नव्हे. पट्टी राहते आणि तिच्या शेजारचें लोखंड तडकतें.

धक्क्यानंतरचा शत्रु म्हणजे गाळमिश्रित पाणी. चिखलणींतील बारीक रेती सांध्यांत शिरून कानस लावल्यासारखी घासते. रोटाव्हेटरच्या दांड्याच्या टोंकाशीं ऑइल सील म्हणून रबरी कडें असतें. गोणपाटाचा सुतळा, प्लॅस्टिकची दोरी, जुना पेंढा दांड्यास गुंडाळला जाऊन तें कडें कापलें जातें. मग तेल बाहेर व पाणी आंत. तापलेली पेटी थंड पाण्यांत उतरली कीं आंतील हवा आकसते आणि फाटक्या कड्यांतून पाणी ओढलें जातें, म्हणून उन्हांत काम केलेलें औजार लगेच खोल पाण्यांत घालूं नये. दर दोन-तीन दिवसांनीं पेटींतील तेल पाहावें. तें दुधाळ दिसलें तर पाणी शिरलें असें निश्चित समजून तेल बदलावें व कडेंहि बदलावें. नुसतें तेल बदलून भागत नाहीं.

उल्हास नदीच्या कांठच्या शेतकऱ्यांस येथें एक शब्द अधिक सांगणें जरूर आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकून पडली होती, हें सर्वांस आठवत असेल. अशा पाण्यांत बुडालेलें यंत्र, पाणी ओसरल्यावर, ‘चालतें का पाहूं’ म्हणून सुरू करूं नये. इंजिनांतील, पेटींतील व डिझेलच्या टांकींतील सर्व कांहीं काढून, हवेची गाळणी कोरडी करून मगच किल्ली फिरवावी.

पात्यांविषयीं थोडक्यांत: रोटाव्हेटरचीं पातीं पाणी दिलेल्या पोलादाचीं असतात. तीं भट्टींत लाल करून ठोकून धार काढली कीं पोलादाचें पाणी जातें, व तें पातें नव्याच्या निम्म्यानेंहि टिकत नाहीं. बदलावयाचीं तर समोरासमोरचीं जोडीनें बदलावीं. एका बाजूस नवीं व दुसऱ्या बाजूस झिजलेलीं ठेवलीं तर दांडा थरथरतो आणि बेअरिंग जातें.

चिखलणीच नको, असाहि एक मार्ग आहे. नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं प्रसारिलेल्या सगुणा भात पद्धतींत कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकतात. दरवर्षीं नांगरणी, चिखलणी व लावणी करावी लागत नाहीं. यंत्राची झीज वांचते हें उघड आहे. ज्यांचीं खाचरें सखल असून पाणी तुंबतें, त्यांनीं मात्र प्रथम एक खाचर करून पाहावें.

आमच्या गांवाभोंवतीं घरें वाढत चाललीं आहेत, आणि खाचरांत पूर्वीं नसलेल्या वस्तु सांपडूं लागल्या आहेत: विटांचे तुकडे, काँक्रीटचीं ढेंकळें, सळयांचीं टोंकें. वैशाखांत, जमीन कोरडी असतां, लोखंडी पहार घेऊन बांधालगतच्या दोन-दोन हात पट्ट्यांत आम्ही आतां फिरतों. निघेल तें काढतों. न निघेल तेथें कळकाची काठी रोवतों, म्हणजे चिखलांत चालकास ती दिसते. ट्रॅक्टरच्या हत्यारपेटींत पुस्तिकेंतील मापाचे सहा बोल्ट ठेवलेले असतात. गेल्या लावणींत त्यांपैकीं चार लागले, आणि पेटी उघडावी लागली नाहीं.