चंद्रावर उतरताना वेळ कोण खात होतं?

मैत्रिणींनो, एका वेळी दहा कामं कशी करायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध, त्यात दाराची बेल. पण खरं बघितलं तर एका क्षणी आपण एकच काम करत असतो, हात मात्र भराभर बदलतो. कॉम्प्युटरचंही बरंचसं असंच असतं. मोबाइल हँग झाला की आपण म्हणतो, "जुना झाला, नवा घ्या." (घरातली मुलं तर हे म्हणायला टपलेलीच असतात!) इंजिनिअर मात्र आधी मोजतात. कुठलं काम किती वेळ खातंय? कुणी किती जागा अडवून ठेवलीय? या मोजदादीला ते 'प्रोफायलिंग' म्हणतात. शब्द भारी वाटला तरी घाबरू नका. ही मोजदाद कशासाठी, ते कळायला १९६९ सालची चांद्रमोहीमच बघावी.

२० जुलै १९६९. आपल्याकडे मध्यरात्र उलटून २१ तारीख लागली होती. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचं 'ईगल' यान चंद्रापासून साधारण १० किलोमीटर उंचीवर होतं आणि कॉम्प्युटरवर इशारा झळकला, १२०२. दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. खाली ह्यूस्टनला तो कळायला हवा होता, तोही काही सेकंदांत.

त्या कॉम्प्युटरची ऐपत ती केवढी! पुसून पुन्हा वापरता येईल अशी स्मृती फक्त २,०४८ शब्दांची. कायमची स्मृती ३६,८६४ शब्दांची आणि ती चक्क विणलेली होती. वॉल्थम गावच्या रेथिऑन कारखान्यात बायका बारीक तारा चुंबकीय कड्यांतून ओवायच्या. तार कड्याच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एक टाका चुकला की प्रोग्राम चुकला. चंद्रावर जाण्याचं गणित बायकांच्या हातच्या विणकामात बसलं होतं, हे पाठ्यपुस्तकात कुठे वाचलंय का हो तुम्ही?

तर १२०२ म्हणजे काय? प्रत्येक कामाला स्मृतीत थोडी जागा मिळायची आणि अशा जागा मोजक्याच होत्या. ओट्यावर चारच ताटं मावतात म्हणा ना. एक पंगत उठली की ताट रिकामं, मग पुढची पंगत. इथे यान सांभाळायचं मुख्य काम दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू व्हायचं. आधीचं संपायच्या आतच पुढचं येऊन उभं राहायला लागलं, ताटं अडकली, ओटा भरला. "आता जागा नाही," असं कॉम्प्युटर सांगत होता.

पण कामं का रेंगाळली? उतरताना लागणारा वेळ आधी मोजलेला होता, थोडा शिल्लकही ठेवला होता. ती शिल्लक खात होतं एक रडार, जे उतरायला लागतच नव्हतं! परत जाताना वरच्या यानाशी गाठ पडावी म्हणून ते चालू होतं. विजेच्या दोन पुरवठ्यांची लय न जुळल्याने ते कॉम्प्युटरला सेकंदाला हजारो निरर्थक टिचक्या मारत होतं. प्रत्येक टिचकीला एक क्षण जायचा. त्यात कॉम्प्युटरचा जवळजवळ १३ ते १५ टक्के वेळ गेला. कामांच्या यादीत त्याचं नावही नव्हतं. घरातही बघा, दिवस कुठे गेला विचारलं तर सांगता येत नाही, कारण वेळ खाणारी कामं यादीत नसतातच.

ऑल्ड्रिनने मात्र एक छान गोष्ट टिपली. आपण उंचीतला फरक पडद्यावर मागवला की इशारा येतोय, असं त्याने खाली कळवलं. तेवढ्याशा मागणीचा भारही जास्त होत होता. ह्यूस्टनने तो आकडा आपणच बघायचं ठरवलं. यंत्राजवळ बसलेल्या माणसाने केलेलं हे प्रोफायलिंगच म्हणायचं.

थोड्याच दिवसांपूर्वी सरावात अशाच इशाऱ्यावर मोहीम सोडण्याचा निर्णय झाला होता आणि तो चुकीचा ठरला होता. म्हणून जॅक गार्मन या २४ वर्षांच्या मुलाने सगळ्या इशाऱ्यांचा कागद हाताने लिहून ठेवला होता. त्याने सांगितलं, २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सने 'पुढे चला' म्हटलं. इशारे पाच वेळा आले. दर वेळी कॉम्प्युटरने ओटा साफ केला आणि फक्त महत्त्वाची कामं पुन्हा हाती घेतली. आकडे दाखवणं मागे पडलं, यान सांभाळणं सुटलं नाही.

कामांना असं मानाप्रमाणे बसवायची रचना हॅल लॅनिंग यांची. मार्गारेट हॅमिल्टन या सॉफ्टवेअरच्या चमूच्या प्रमुख. हल्ली सगळं श्रेय त्यांना एकटीला देतात, ते मला पटत नाही. पण त्यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या लहान लेकीला, लॉरेनला, ऑफिसात घेऊन यायच्या. पोरीने खेळता खेळता भलती बटणं दाबली आणि सरावाचा प्रोग्राम कोसळला. असं प्रत्यक्षात होऊ नये म्हणून सोय करा, असं मार्गारेट म्हणाल्या. अंतराळवीर अशी चूक करणार नाहीत, असं उत्तर मिळालं. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ वर जिम लव्हेलने नेमकी तीच चूक केली.

पुढे १९८२ मध्ये बर्कलीच्या सुसान ग्रॅहम आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'जीप्रोफ' नावाचं मोजमापाचं साधन मांडलं. एका कामाने दुसऱ्याला कामाला लावलं, तर तो वेळ लावणाऱ्याच्या खात्यात धरायचा, ही त्यातली खुबी. पाहुणे नवऱ्याचे आणि पोळ्या आपण लाटायच्या, तर तो तास कुणाच्या नावावर?

आता कॉम्प्युटरमध्ये खरोखरच बरीच कामं एकाच क्षणी चालतात, म्हणून मोजणं आणखी अवघड झालंय. एक काम राबत असतं, दुसरं नुसतं रांगेत ताटकळतं. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून दोघांचा वेळ वेगळा लिहावा लागतो. शिवाय मोजायलाही वेळ लागतोच. फार बारकाईने मोजायला गेलं की कामंच मंदावतात आणि कधी कधी मूळ घोटाळाच दिसेनासा होतो.

आमच्या बचत गटाच्या वर्गात मी बायकांना मोबाइलच्या सेटिंगमधली बॅटरीची यादी उघडायला लावते. कुठलं अ‍ॅप किती खातंय ते तिथे दिसतं. परवा एकीच्या यादीत सगळ्यात वर होता एक खेळ. "अगं बाई, हा तर माझ्या नातवाचा!" म्हणाली, आणि तिथल्या तिथे काढून टाकला.