चेन्नईच्या ‘बॉस’चा हिशेबनीस

चेन्नईत घडलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्सवर लिहायचं ठरलं, तेव्हा संपादकांना स्वदेशीची गोष्ट हवी होती. ती थोडक्यात अशी: 1988 साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियन या लिनक्सच्या पायावर ही प्रणाली उभारली. पहिली आवृत्ती 2007 मध्ये आली. 2014 मध्ये विंडोज एक्सपीला मिळणारी मदत थांबली, तेव्हा तमिळनाडू सरकारने आपल्या खात्यांना ‘बॉस’ वापरायला सांगितलं. मी मात्र रेंगाळलो ते डेबियनकडून आलेल्या एका लहानशा प्रोग्रामपाशी. त्याचं नाव डीपीकेजी-एसएचलिबडेप्स.

‘स्थिती’ हा शब्द पडद्यावर उमटताना पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी काढावी लागते, जरी संगणकाने ती नंतर साठवलेली असली तरी. ही मांडणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तिची एकच प्रत यंत्रावर असते आणि कितीतरी प्रोग्राम तीच वापरतात. ती गायब झाली तर ते सुरूच होत नाहीत. म्हणून प्रोग्रामच्या प्रत्येक पॅकेजसोबत त्याला काय काय लागतं याची यादी जाते.

हाताने केलेल्या यादीत काहीतरी राहून जातंच. म्हणून ही यादी करताना एसएचलिबडेप्स माणसाच्या शब्दावर विसंबत नाही. तो तयार झालेली बायनरी फाइल उघडतो, तिच्यात नोंदलेली लायब्ररींची नावं वाचतो आणि त्या कोणत्या पॅकेजातून आल्या ते हुडकतो. मग त्यांतली नेमकी कोणती फंक्शन्स वापरली आहेत हे पाहून किमान आवृत्ती ठरवतो. जुन्या फंक्शन्सवर भागत असेल तर उगाच नवी आवृत्ती मागत नाही. इतका चोख आणि काटकसरी हिशेब मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

पण त्याला दिसतं ते फाइलीत लिहिलेलंच. 19 जानेवारी 2038 ला 32-बिट घड्याळं भरून वाहतील, म्हणून डेबियनने 2024 मध्ये वेळेचा आकडा रुंद केला. काही यंत्रांवर लायब्ररीचं नाव तेच राहिलं, पण आतली मापं बदलली, आणि ती एसएचलिबडेप्सला दिसत नाहीत. जुनं-नवं एकमेकांत मिसळू नये म्हणून माणसांनीच पॅकेजांची नावं बदलली. उदाहरणार्थ, लिबएसएसएल3 चं लिबएसएसएल3टी64 झालं.

मला जास्त घोर लागला तो मराठी टायपिंगचा. मजकूर दाखवणारी हार्फबझ हिशेबात येते, पण टाइप करू देणारं आयबस चालू प्रोग्राममध्ये आयत्या वेळी जोडलं जातं. त्याची नोंद त्या प्रोग्रामच्या बायनरीत नसते, त्यामुळे एसएचलिबडेप्सला ते दिसत नाही. ते यादीत कुणीतरी आठवणीने घालावं लागतं, आणि डेबियनची नवी आवृत्ती आली की पुन्हा तपासावं लागतं. ते राहून गेलं तर कचेरीतला संगणक बिनतक्रार सुरू होईल, मराठी अर्ज वाचताही येईल. त्याला मराठीत उत्तर लिहायला बसलेल्या कारकुनालाच काय ते कळेल.