आई-वडील तुरुंगात असलेल्या मुलांना प्रश्न विचारताना

घरातला माणूस तुरुंगात गेला की त्याची झळ मुलांना लागतेच. मूल रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणते. तपासले तर पोटात काही सापडत नाही. आई कैदेत असेल तर मूल सहा वर्षांचे होईपर्यंत तिच्याजवळ राहू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. त्यापुढे बरीच मुले आजी, मामा, काका किंवा बालगृह यांच्या आधाराने वाढतात.

अशा मुलांचा अभ्यास व्हायला हवा, यात शंका नाही. अमेरिकेत १९९८ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. मारहाण, घरातले व्यसन, घरातील कोणी तुरुंगात जाणे असे लहानपणीचे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार व नैराश्याचा धोका जास्त, असे तीत दिसले. पण तेथे प्रश्न मोठ्या माणसांना विचारले होते. मुलालाच विचारायचे तर फार जपावे लागते.

समजा, उद्या कोणी प्रश्नावली घेऊन आपल्या दारी किंवा शाळेत आले, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, मुलाला काय ठाऊक आहे? पुष्कळ घरांत 'बाबा कामासाठी परगावी गेलेत' असे सांगितलेले असते. फॉर्मवर 'कैद्यांच्या मुलांचा अभ्यास' असे ठळक छापले असेल, तर वाचता येणाऱ्या मुलाला नको त्या वेळी, नको त्या माणसाकडून सत्य कळते. म्हणून संशोधकाने आधी सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांशी बोलावे.

दुसरी गोष्ट, मोठ्यांची सही पुरेशी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज मुलाचाही होकार लागतो. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. मूल 'नको' म्हणाले, तर ते मानायचे. मध्येच उठून गेले तरी रागवायचे नाही. आजीला वाटते, साहेब आलेत, नाही कसे म्हणायचे? 'नाही म्हटले तर बापाच्या जामिनावर परिणाम होईल का?' अशीही धास्ती असते. अभ्यासाचा खटल्याशी, जामिनाशी किंवा तुरुंगातील भेटीशी काहीही संबंध नाही, हे संशोधकाने स्वतःहून सांगायला हवे.

तिसरी गोष्ट, गुप्तता. वर्गात उभे राहून 'ज्यांचे वडील तुरुंगात आहेत त्यांनी बाहेर या' असे म्हणणे म्हणजे मुलाच्या कपाळावर शिक्का मारणे. शिक्षकांनी असे होऊ देऊ नये. छोट्या गावात नाव गाळूनही ओळख पटते. गाव, वडिलांचा धंदा आणि गुन्हा एकत्र छापला की झाले! त्यामुळे हे तपशीलही बदलावे किंवा वगळावे लागतात.

मात्र 'कोणालाही काहीच सांगणार नाही' असे वचन मुलाला देऊ नये. त्याच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा सुरुवातीलाच, मुलाला समजेल अशा भाषेत सांगावी.

चौथी गोष्ट, गुन्हा कसा घडला, पोलीस कसे आले, हे खोदून विचारण्याची बहुधा गरज नसते. मूल रडू लागले तर प्रश्न थांबवावेत. पुढे समुपदेशन कोठे मिळेल, याची सोय संशोधकाने आधीच करून ठेवलेली असावी.

एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, हे निःसंकोच विचारा. माहितीपत्रकाची प्रत मागून घ्या. त्यावर संपर्काचा पत्ता व फोन असायला हवा. येण्याजाण्याचा खर्च घेण्यास हरकत नाही, पण पैशांच्या आमिषाने होकार देऊ नका.

आणि मुलाची झोप, भूक किंवा शाळा बिघडली असेल, तर कोणाच्या पाहणीची वाट पाहू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. अडचणीच्या वेळी १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मोफत मदत मिळते.