फुग्याने उघडणारी झडप

लहानपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयातील मायट्रल झडप पुढे अरुंद होऊ शकते आणि थोड्या श्रमानेही धाप लागते. जपानी शल्यविशारद कांजी इनोऊ यांनी १९८२ मध्ये यासाठी फुग्याची नळी प्रथम वापरली.

साधा रबरी फुगा विरोध कमी तेथेच फुगतो व झडपेतून निसटतो. म्हणून त्यांनी रबराच्या दोन थरांमध्ये नायलॉनची जाळी बसवली. मांडीच्या शिरेतून नेलेला हा फुगा प्रथम पुढून, मग मागून फुगतो आणि डमरूसारखा झडपेत अडकतो. शेवटी मध्यभाग फुगताच चिकटलेली पाती विलग होतात. हवा रक्तात शिरणे घातक असल्याने फुग्यात द्रव भरतात.

बंगळुरूच्या श्री जयदेव या शासकीय हृदयरोग संस्थेत छाती न उघडता हा उपचार केला जातो.